स्टेपलडनचे दप्तर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या एक्सेटर शहरात जे कॅथीड्रल आहे, त्याच्या बांधकामाचे जमाखर्च चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर लिहिलेले आहेत. १२७९ पासूनच्या बऱ्याच गुंडाळ्या आजही शाबूत आहेत. गवंड्यांची आठवड्याची मजुरी, बीअर गावच्या खाणीतला दगड, त्याची वाहतूक, शिसे, लोखंड, वाळू असा सगळा खर्च त्यांत ओळीमागून ओळ मांडलेला आहे. १३१२-१३ च्या हिशेबात बिशपच्या आसनासाठी घेतलेल्या लाकडाची नोंद येते: ६ पौंड १२ शिलिंग ८½ पेन्स. ओकची झाडे पारखून घ्यायला विंचेस्टरहून टॉमस नावाचा उस्ताद आला होता. पुढे १३१६-१७ मध्ये रॉबर्ट ऑफ गॅलम्प्टन या सुताराला आसन घडवण्याच्या उक्त्या कामाबद्दल ४ पौंड दिल्याचे लिहिले आहे. हे आसन अजून जागेवर उभे आहे. उंची सुमारे १८ मीटर. नुसत्या खाचा आणि खुंट्यांवर रचलेला लाकडी मनोरा वर निमुळता होत थेट छताकडे जातो. दुसऱ्या महायुद्धात ते सुटे करून हलवले होते, म्हणून १९४२ च्या मे महिन्यातल्या बॉम्बहल्ल्यातून बचावले.

ज्याच्या कारकिर्दीत हे आसन घडले तो बिशप वॉल्टर स्टेपलडन. १३०८ पासून १३२६ पर्यंत तो एक्सेटरचा बिशप होता. त्यातली काही वर्षे दुसऱ्या एडवर्ड राजाचा खजिनदारही होता. लंडनच्या भररस्त्यात जमावाने त्याचे डोके कापले. त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्यातले पुष्कळसे त्याच्या मृत्यूनंतरचे आहे आणि त्याचा द्वेष करणाऱ्या शहराच्या बाजूने लिहिलेले आहे. दुसरीकडे त्याच्या हाताखाली तयार झालेले कागद उरले आहेत: बिशप म्हणून ठेवलेले नोंदपुस्तक, कॅथीड्रलचे हिशेब, ऑक्सफर्डमधल्या विद्यालयाचे नियम, राजाच्या खजिन्यातल्या दस्तऐवजांची यादी. बखरींतला माणूस आणि या कागदांतला माणूस एकमेकांशी जुळत नाहीत, असे प्रथमदर्शनी वाटते. मला मात्र दोन्हीकडे एकच गुण दिसतो. जुना कागद शोधायचा, तो नीट लावून ठेवायचा आणि त्याच्या बळावर येणे वसूल करायचे, ही त्याची हातोटी होती. त्याने जे उभारले ते याच हातोटीने उभारले, आणि त्याचा जीव गेला तोही तिच्याचमुळे.

स्टेपलडन घराणे उत्तर डेव्हनमधले, बेताच्या जमीनदारांपैकी. मोठ्या सरदारांशी नाते नाही, दरबारात कुणी वाली नाही. वॉल्टर ऑक्सफर्डला चर्चचा कायदा शिकला आणि त्यात डॉक्टर झाला. मग एक्सेटरच्या कॅथीड्रलमध्ये कॅनन (तिथल्या पाद्रीमंडळाचा सदस्य), १३०५ मध्ये प्रीसेंटर (गायनविधींचा प्रमुख), आणि १३०७ च्या नोव्हेंबरात बिशपच्या जागेवर निवड, असा तो चढत गेला. निवडीवर हरकत घेतली गेली, प्रकरण लांबले आणि दीक्षाविधी १३०८ च्या ऑक्टोबरात झाला. म्हणजे ज्या कायद्यात तो पारंगत होता त्याच कायद्याने त्याला जवळपास वर्षभर ताटकळत ठेवले.

बिशप म्हणून त्याने ठेवलेले नोंदपुस्तक १८९२ मध्ये हिंगस्टन-रँडॉल्फ या संशोधक पाद्र्याने छापले. कोणत्या गावात कोणता पाद्री नेमला, कुणाला दीक्षा दिली, कुणाला शिकायला जाण्यासाठी रजा दिली, कोणत्या मठाची तपासणी केली, हे त्यात तारीखवार आहे. नोंदींखालची ठिकाणे एकापुढे एक मांडली की बिशपचा घोडा डेव्हन आणि कॉर्नवॉलमधून कुठे कुठे फिरला याचा मार्ग नकाशावर काढता येतो. राजकारणात पडलेला बिशप आपल्या परगण्याकडे फिरकत नसे, असा एक सरसकट समज आहे. स्टेपलडनच्या पहिल्या बारा वर्षांना तो लागू पडत नाही. ही वर्षे त्याने बहुतांशी आपल्या माणसांत काढली.

याच नोंदपुस्तकात १३१९ च्या सुमाराची एक नोंद आहे, ती साऱ्या पुस्तकात सर्वांत प्रसिद्ध झाली. राजपुत्र एडवर्डसाठी हेनॉच्या काउंटची मुलगी पाहायला बिशप गेला होता आणि परत आल्यावर त्याने मुलीचे वर्णन लिहून ठेवले. केसांचा रंग काळपट आणि तपकिरी यांच्या मधला. कपाळ उंच आणि रुंद. डोळे गडद. नाक सरळ, पण शेंड्याशी थोडे पसरट. खालचे दात कसे, वरचे कसे, मान, खांदे, सगळे क्रमाने. वर्ण वडिलांसारखा सावळा. आईच्या सांगण्यानुसार येत्या सेंट जॉनच्या सणाला तिला नववे पूर्ण होईल, हेही लिहिले आहे. घोडा विकत घेणारा माणूस जसा खुरापासून आयाळीपर्यंत नजर फिरवतो तशीच ही नजर आहे, आणि एका लहान मुलीसंबंधी ती वाचताना आजच्या वाचकाला अवघडल्यासारखे होते. पण त्या काळी राजघराण्याची सोयरीक हा करारमदाराचा भाग होता आणि बिशप राजाचा वकील म्हणून गेला होता.

या नोंदीच्या डोक्यावर मथळा आहे. ही मुलगी म्हणजे फिलिपा, आणि ती तिसऱ्या एडवर्डची पत्नी, इंग्लंडची राणी होती, असे तो सांगतो. बराच काळ अभ्यासकांनी तो मथळा खरा धरला आणि राणी फिलिपाचे रूप या नोंदीवरून रंगवले. पण फिलिपाचे लग्न १३२८ मध्ये झाले. १३१९ मधला कारकून तिला राणी म्हणूच शकत नव्हता. मथळा नंतर कुणीतरी घातला, हे मथळाच सांगतो. वयाचा हिशेबही जुळत नाही. १३१९ च्या जूनमध्ये नऊ पूर्ण होणारी मुलगी १३१० ची, आणि लग्नाच्या वेळी फिलिपा तेरा-चौदा वर्षांची होती असे बखरकार फ्रॉइसार सांगतो. शिवाय त्या काळच्या वाटाघाटींत नाव येते ते थोरल्या मार्गारेटचे. तेव्हा स्टेपलडनने पाहिलेली मुलगी मार्गारेट होती हे मत मला अधिक पटते. एका सुबक अक्षरातल्या मथळ्याने इतकी वर्षे दिशाभूल केली, पण दुरुस्तीसाठी लागणारे पुरावे त्याच नोंदीच्या मजकुरात होते, कारण लिहिणाऱ्याने वय आणि सण दोन्ही टिपून ठेवले होते.

१३१४ मध्ये त्याने ऑक्सफर्डमध्ये विद्यालय स्थापले, स्टेपलडन हॉल. पुढे त्याचेच एक्सेटर कॉलेज झाले. खर्चासाठी कॉर्नवॉलमधल्या ग्विनिअर गावच्या चर्चचे उत्पन्न लावून दिले. १३१६ च्या नियमांनुसार विद्यार्थी तेरा: आठ डेव्हनचे, चार कॉर्नवॉलचे, आणि एक पाद्री, ज्याला एक्सेटरच्या कॅथीड्रलने नेमायचे. जेवणखाणाला आठवड्याला १० पेन्स. या रकमेत चैन होत नाही, पोट भरते. विद्यालयाचा प्रमुख दरवर्षी विद्यार्थ्यांनीच निवडायचा होता. दूरच्या, गरीब परगण्यातल्या हुशार मुलाला ऑक्सफर्डला राहणे परवडत नाही, हे त्याने स्वतःच्या आयुष्यात पाहिले असणार. घराण्याच्या ऐपतीकडे आणि त्या १० पेन्सकडे पाहून मी हा तर्क करतो.

१३२० च्या फेब्रुवारीत राजाने त्याला खजिनदार केले. मधल्या काही महिन्यांचा खंड वगळता तो १३२५ च्या जुलैपर्यंत या पदावर राहिला. त्याच्या हाती आलेले एक्सचेकर म्हणजे राज्याच्या वसुलीचे आणि हिशेबाचे खाते. पेट्या, थैल्या आणि टोपल्यांत पोपचे आदेश, परदेशी राजांशी झालेले करार, गॅस्कनी या फ्रान्समधल्या, इंग्लंडच्या राजाकडे असलेल्या प्रांताचे दस्तऐवज भरलेले. काही लंडनच्या टॉवरमध्ये, काही वेस्टमिन्स्टरमध्ये. फ्रान्सच्या राजाशी गॅस्कनीवरून भांडण पेटले की जुना करार सापडायचा नाही आणि इंग्लंडचे वकील रिकाम्या हाताने चर्चेला बसायचे. स्टेपलडनने १३२० मध्ये हे सगळे उपसायला घेतले. कारकून नेमले, कागद बाहेर काढले, वाचले, विषयवार लावले, आणि १३२३ पर्यंत त्यांची यादी तयार केली. गॅस्कनीच्या कागदांची स्वतंत्र यादी हेन्री ऑफ कँटरबरी या कारकुनाने १३२२ मध्ये केली.

दप्तर लागले तशी हिशेबाची पद्धतही बदलली. १३२३ च्या जूनमध्ये यॉर्कशरमधल्या कौइक येथे, मग १३२४ मध्ये आणि १३२६ मध्ये एक्सचेकरसाठी नवे नियम निघाले. परगण्यांच्या वार्षिक हिशेबाची मोठी गुंडाळी मेलेल्या माणसांच्या, कधीच न फिटणाऱ्या कर्जांनी फुगली होती. ती कर्जे वेगळी काढायची, शेरीफांच्या हिशेबाशी संबंध नसलेली खाती स्वतंत्र गुंडाळ्यांवर न्यायची, आणि जे येणे खरोखर वसूल होण्यासारखे आहे त्याच्या मागे लागायचे, असा एकूण रोख. मार्क बक या इतिहासकाराने १९८३ च्या आपल्या ग्रंथात या सुधारणांची बारकाईने छाननी केली आहे. इथे एक भेद करायला हवा. कर्जाची गुंडाळी स्वच्छ करणे हे प्रशासनाच्या दृष्टीने उत्तम काम. पण ज्याच्या आजोबाचे विसरलेले येणे आता नातवाच्या दारात येऊन उभे राहिले, त्या नातवाला ही सुधारणा कशी दिसली असेल? १३२२ मध्ये लँकेस्टरचा बंडखोर अर्ल मारला गेला, त्याच्या बाजूच्या लोकांच्या जमिनी जप्त झाल्या, दंड बसले. ही वसुलीही याच खात्यातून होत होती. परिणाम असा की १३२६ मध्ये राजाच्या तिजोरीत सुमारे ६० हजार पौंड होते. रक्कम प्रचंड. त्या रकमेत दोष कुणाचा किती हे ठरवताना राजाची हाव आणि त्याचा लाडका ह्यू डिस्पेन्सर यांना पुढे ठेवावे लागते. पण मोजणारा हात खजिनदाराचा होता आणि लोकांना तोच दिसत होता.

लंडनकरांची तक्रार याहून नेमकी होती. १३२१ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत राजाच्या फिरत्या न्यायाधीशांनी टॉवरमध्ये बैठक मांडली. नागरिकांनी आपापले हक्क कोणत्या सनदेच्या आधारे भोगले ते दाखवावे, अशी विचारणा झाली. पिढ्यान्पिढ्या वहिवाटीने चालत आलेल्या गोष्टींसाठी कागद मागितला गेला. चौकशा झाल्या, दंड झाले, आणि ही बैठक खजिनदारानेच घडवून आणली अशी शहराची पक्की समजूत झाली. ही समजूत निराधार मानायला मी तयार नाही. त्याच सुमाराला टॉवरमधल्या पेट्या उघडून जुने हक्क धुंडाळणारा माणूस हाच होता.

म्हणून तो राजाच्या हातातले बाहुले होता असे कुणी म्हणेल, तर त्याच्याच नोंदपुस्तकातला पत्रव्यवहार आडवा येतो. १३२१ मध्ये पार्लमेंटने डिस्पेन्सर बापलेकांना हद्दपार केले होते. ती शिक्षा रद्द करायला राजाला बिशपांची संमती हवी होती. १३२२ च्या जानेवारीत स्टेपलडनने उत्तर दिले की पार्लमेंटमध्ये झालेला निर्णय पार्लमेंटमध्येच फिरवावा. राजा रागावला. तरी त्याच वर्षी मे महिन्यात त्याला पुन्हा खजिन्यावर बोलावले. परत न जाण्याची संधी स्टेपलडनला तेव्हा होती. तो परत गेला, आणि पुढच्या तीन वर्षांत डिस्पेन्सरच्या राजवटीपासून त्याला वेगळे काढणे कठीण होऊन बसले.

१३२४ च्या सप्टेंबरात फ्रान्सशी युद्धाचे कारण पुढे करून राणी इझाबेलाच्या जमिनी राजाने ताब्यात घेतल्या. ती फ्रान्सच्या राजाची बहीण. या कृत्यामागे खजिनदाराचा सल्ला होता असे तिने धरले आणि ते कधी विसरली नाही. पुढच्या वर्षी ती तहासाठी पॅरिसला गेली, मागोमाग १३२५ च्या सप्टेंबरात राजपुत्र गेला आणि त्याच्या सोबत स्टेपलडन. राणीने परत यायला नकार दिला. नवरा-बायकोमध्ये तिसरा माणूस शिरला आहे आणि तो दूर झाल्याशिवाय आपण परतणार नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय तेव्हाच्या एका चरित्रकाराने दिला आहे. बिशपला जिवाची भीती वाटली आणि तो वेषांतर करून गुपचूप इंग्लंडला निसटला. डिसेंबरात राणीने त्याला पत्र लिहून खडसावले: तो आपल्यापेक्षा ह्यूचा अधिक आज्ञाधारक आहे.

राणी १३२६ च्या २४ सप्टेंबरला सफोकच्या किनाऱ्यावर फौजेनिशी उतरली. २ ऑक्टोबरला राजाने लंडन सोडले आणि तो पश्चिमेकडे पळाला. स्टेपलडन मागे राहिला. १५ ऑक्टोबरला काय घडले ते लंडनमध्ये फ्रेंच भाषेत लिहिलेल्या बखरीत आणि तिथल्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या वार्षिक नोंदींत आहे. दोन्हींचा कल बिशपच्या विरोधात असूनही प्रसंगाचा क्रम त्यांत सापडतो. सकाळी गिल्डहॉलपाशी जमाव जमला. महापौर हॅमो द चिगवेलकडून राणीच्या बाजूची शपथ घेववली. डिस्पेन्सरचा हस्तक समजला जाणारा जॉन द मार्शल याला घरातून ओढून चीपसाइडच्या बाजारात मारले. तेवढ्यात बिशप घोड्यावरून शहरात आला. अंगात कापूस भरलेला चिलखती अंगरखा होता आणि ओल्ड डीन्स लेनमधल्या मुक्कामी तो जेवायला निघाला होता. आपल्या नावाने गद्दार म्हणून आरोळ्या उठलेल्या ऐकल्यावर त्याने घोडा सेंट पॉलकडे वळवला. चर्चच्या आत शिरला असता तर आश्रयाचा हक्क मिळाला असता. उत्तरेच्या दारापाशीच लोकांनी त्याला गाठले, घोड्यावरून खाली ओढले आणि चीपसाइडला नेले. तिथे पाव कापायच्या सुरीने त्याचे डोके कापले. त्याच्याबरोबरचे दोन सेवकही मारले गेले.

अंगरखा आणि जेवण या दोन गोष्टींवर मी बराच विचार केला. धोका माहीत नसता तर त्याने चिलखत घातले नसते. आणि धोका इतका जवळ आहे असे वाटले असते तर तो रोजच्या मुक्कामी जेवायला निघाला नसता. बखरकाराने हे तपशील त्याच्यावर दया यावी म्हणून दिलेले नाहीत. म्हणूनच ते विश्वासार्ह वाटतात.

डोके राणीकडे पाठवले गेले. धड बाजारात उघडे पडून राहिले. संध्याकाळी सेंट पॉलच्या लोकांनी ते आत घेतले, पण पुन्हा बाहेर काढले. मग ते टेंपल बारबाहेरच्या सेंट क्लेमंट डेन्स चर्चमध्ये नेले. हे चर्च बिशपच्या घराजवळचे आणि तिथला पाद्री त्याच्याच कृपेने नेमलेला. त्यानेही नाकारले. शेवटी काही गरीब बायकांनी आणि माणसांनी देह उचलला. एका बाईने झाकायला जुने कापड दिले. पाद्री नाही, विधी नाही, अशा अवस्थेत ओसाड जागेत त्याला पुरले. त्याचे घर आधीच लुटले गेले होते.

पाच महिन्यांनी देह एक्सेटरला आणला गेला आणि १३२७ च्या २८ मार्चला मुख्य वेदीच्या उत्तरेला त्याचे दफन झाले. त्याच कॅथीड्रलच्या वेदीमागच्या सजावटीसाठी त्याने आपल्या अखेरच्या वर्षांत १,००० मार्क दिले होते, आणि आसनाचे लाकूड निवडायला आलेला टॉमस तेव्हा तिथला मुख्य मिस्त्री होता. कबरीवरच्या छताच्या आतल्या बाजूला जखमा दाखवणाऱ्या ख्रिस्ताचे चित्र आहे. कबरीवर निजलेल्या मूर्तीचे तोंड थेट त्याच्याकडे येते.

राणी आणि तिचा साथीदार मॉर्टिमर यांच्या हाती ते ६० हजार पौंड आले. १३३० च्या डिसेंबरात, मॉर्टिमरचा पाडाव झाल्यानंतर, खजिन्यात ४१ पौंड शिल्लक होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून स्टेपलडनला निर्दोष ठरवता येणार नाही. साठवणे आणि साठवण्यासाठी पिळणे यांत नैतिक अंतर फार नाही. पण खजिना नीट चालवणे किती कठीण होते, हे मात्र त्यावरून कळते. त्याने बांधून दिलेली हिशेबाची चौकट नव्या राजवटीने बहुतांशी मोडली नाही. दस्तऐवजांची त्याची यादी १८३६ मध्ये फ्रान्सिस पॉलग्रेव्हने छापून काढली. तिच्यात नोंदवलेले कित्येक मूळ कागद आता अस्तित्वात नाहीत. १३२३ मध्ये ते राजाच्या पेटीत होते आणि त्यांत कशाविषयी लिहिले होते, हे आजचा अभ्यासक त्या यादीवरूनच शोधतो.